खालच्या मजल्यावरचे दिवे

प्रिय ठोंब्या,

आधी कागदाबद्दल सांगते, नाहीतर तुझी पहिली नजर त्यावरच जाईल. हे आमच्या शीतगृहातले पाठकोरे कागद आहेत. मागच्या बाजूला मटारची पोती कुठल्या बोळात लावली ते छापलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. मी माझ्या काचेच्या केबिनमध्ये बसलेय, अंगात तो जाडजूड कोट आहे, ज्यात मी तुझ्या मते अस्वल दिसते, आणि बोटं गारठल्यामुळे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तुझ्यापेक्षा तरी बरंच आहे. आई दवाखान्यात आहे. घाबरू नकोस, म्हणजे घाबर हवं तर, पण शेवटपर्यंत वाच. तिचा जीव तुझ्यात अडकलाय आणि तो सोडवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मला एकटीला ते झेपत नाहीये. तुझा पत्ता कुणालाच ठाऊक नाही, हे मला माहीत आहे, तरी लिहितेय.

गंमत बघ, तुला सांगण्यासारखी एक बातमीही आहे. आपली टीव्हीवरची ‘पैलतारा’ मालिका पुन्हा येतेय. म्हणजे तीच नाही, तिच्यातून फुटलेल्या नव्या मालिका. नव्या लोकांनी जाहीर केलंय की जुन्या चाहत्यांनी आपापल्या कल्पना पाठवाव्यात, कुणाची गोष्ट पुढे न्यावी, कुणाची नव्याने सांगावी. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा हसले आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. आपण हेच काम फुकटात केलं होतं रे सगळं लहानपण. जमिनीवर पालथे पडून, हनुवटीखाली उशी घेऊन. भाग संपला की तू उठायचास आणि दिवाणावर उभा राहून विचारायचास, आज कुणाचा फाटा, म्हणजे कुणाची गोष्ट आपण पुढे रचायची. ते नाव आईचं. झालं ह्यांचं फाटे फोडणं सुरू, असं ती एकदा वैतागून म्हणाली आणि तेच नाव चिकटलं.

काय एकेक फाटे होते आपले. अंतराळयानातल्या धोबीखान्याचा, जिथला माणूस गणवेशाच्या वासावरून ओळखायचा की कोण घाबरलंय आणि कोण नुसती ऐट करतंय. झाडू मारणाऱ्या यंत्राचा, ज्याला सगळ्यांची गुपितं ठाऊक पण बोलता येत नाही. खलनायकाच्या सासूबाईंचा, त्या जावयाला सुनवायच्या की विश्व नंतर जिंक, आधी गळका नळ बघ. हा माझा होता आणि तू तो कधीच मान्य केला नाहीस, कारण तुझ्या मते विनोद म्हणजे मालिकेचा अपमान. आपण सगळे फाटे स्वच्छ अक्षरात लिहून त्यांच्या पत्त्यावर पाठवले होते. उत्तरादाखल कप्तानाचा छापील फोटो आला, त्यावर छापील सही. तू तो उशीखाली घेऊन झोपलास आणि सकाळी कप्तानाचं नाक चुरगळलं होतं.

पण सगळ्यांत मोठा फाटा खालच्या मजल्याचा. तो तुझा, संपूर्ण तुझा. यानातला तो आचारी तुला फार आवडायचा, आणि एका भागात तो दुरुस्तीसाठी खालच्या मजल्याचं दार उघडून आत गेला आणि दार लागलं. बस. पुढच्या भागात स्वयंपाकाला दुसराच माणूस. कुणी त्याचं नावही काढेना. तू जेवला नाहीस त्या दिवशी. मग तू नियम काढलास, आपल्या दोघांचा पहिला आणि शेवटचा नियम. ज्याचं प्रेत दाखवलं नाही तो मेला नाही. त्यावरून खालचा मजला उभा राहिला. दार लागल्यावर दिसेनासे झालेले सगळे तिथे राहतात. यानात वीज वाचवायला माणूस चालेल तिथलाच दिवा लागायचा, आठवतं ना. खालच्या मजल्यावरही दिवे लागतात, एकामागून एक, कुणीतरी चालत आल्यासारखे, पण खाली माणूस दिसत नाही. तू हे मला पांघरुणाखाली हळू आवाजात सांगायचास आणि मी तुझ्याहून मोठी असून पाय आत ओढून घ्यायचे.

त्याच वेळी आईनेही एक फाटा सुचवला होता. तुला आठवत असेल की नाही कोण जाणे. ती खुर्चीत बसून शेंगा सोलत होती, आणि आपण आचाऱ्यावर भांडत होतो, तेव्हा ती मान वर न करता म्हणाली की त्या आचाऱ्याला आई असेल ना, तिचं काय झालं ते दाखवा की कुणीतरी. आपण तिची थट्टा केली. तू म्हणालास, आई, त्यात काहीच घडणार नाही, नुसती बसून राहतील माणसं. ती म्हणाली, बसून राहणं काय सोपं असतं होय. तू त्या फाट्याला ‘मागे राहिलेले’ असं नाव दिलंस आणि लगेच नापास केलास.

मग तू मोठा झालास आणि खरोखरच जहाजावर गेलास. आकाशातल्या नव्हे, पाण्यावरच्या, मालाच्या मोठाल्या डब्यांनी भरलेल्या. वायरमन म्हणून. पहिल्या सुट्टीत आलास तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणालास की ताई, आमच्या जहाजातही खालचा मजला आहे आणि तिथले दिवे मीच बघतो. केवढा खूश होतास. दुसऱ्या फेरीत तू एका सकाळी नाश्त्याला आला नाहीस. तुझ्या चपला बिछान्याखाली होत्या, नीट जोडून ठेवलेल्या. जहाज मागे फिरवलं, पाणी धुंडाळलं, जहाजाचा कानाकोपरा बघितला. तू वर नव्हतास आणि खालीही नव्हतास. कंपनीचा माणूस घरी आला, बिचारा सज्जन होता, खोक्यातून तुझे कपडे आणि चपला घेऊन आलेला. तो चाचरत सांगायला लागला तशी आईने त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, तुम्ही त्याला बघितलं का. तो म्हणाला, नाही. ती म्हणाली, दाखवलं नाही ना, मग मेला नाही. त्या माणसाला वाटलं बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्याला काय माहीत की ती आपल्याच घरचा नियम सांगतेय.

तेव्हापासून आई तो नियम धरून बसली. जुन्या भागांच्या तबकड्या मागवल्या आणि रोज दुपारचं जेवण झालं की एक भाग लावायची. जी बाई मालिका सुरू झाली की ह्यात कसलं बाई सुख म्हणून उठून जायची, ती कप्तानाच्या आधी त्याची वाक्यं म्हणायला लागली. भाग संपला की मला फोन. आणि फोनवर फाटा, तुझ्याबद्दलचा. आज तो खालच्या मजल्यावर भात करायला शिकला, करपवला पण खाल्ला. आज डाव्या अंगठ्याला कापलंय, फार नाही. आज आचाऱ्याने त्याला स्वतःची जागा झोपायला दिली. मी हूं हूं करत ऐकायचे. खरं सांगू, पहिल्या वर्षी मला ते गोड वाटायचं. नंतर फोन वाजला की मी तो तीनचार वेळा वाजू द्यायचे. ती ते रचून सांगतेय असं तिच्या आवाजात कधीच नसायचं. शेजारच्या घरात काय चाललंय ते सांगावं तसं सांगायची.

आता माझ्याकडचं सांगते. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. आमच्या शीतगृहात नवे दिवे बसवले. तुझ्या यानासारखेच, माणूस आला की लागतात, गेला की थोड्या वेळाने विझतात. पोत्यांच्या रांगांमधल्या बोळात तसाही दिवसरात्र सारखाच काळोख असतो, खिडकी म्हणून नाही. भिंतीकडच्या बोळात एके दिवशी सकाळी दिवे लागले. टोकाचा लागला, मग त्याच्या अलीकडचा, मग त्याच्या अलीकडचा, माझ्या केबिनच्या दिशेने. मला वाटलं आमचा फोर्कलिफ्टवाला आला. त्याला आम्ही हत्ती म्हणतो कारण तो काडीसारखा आहे. पण हत्ती माझ्या मागेच उभा होता, चहाचा पेला हातात घेऊन. आम्ही दोघांनी बघितलं. दिवे केबिनजवळच्या शेवटच्या दिव्याआधी थांबले. तो शेवटचा लागलाच नाही. मग सगळे विझले.

वायरमनकाकांना बोलावलं. त्यांनी शिडी लावून प्रत्येक दिवा तपासला, शेवटचा तर दोनदा. मी खाली चालले की तो नीट लागायचा. उंदीर असेल का, मी विचारलं. ते म्हणाले, ताई, ह्या दिव्यांना हालचाल कळते ती ऊब असलेल्या वस्तूची, आणि उणे अठरात उंदीर कुठला जगतोय. मग ते शिडी घेऊन जरा जास्तच लगबगीने बाहेर पडले. त्यानंतर कित्येकदा झालं. नेहमी तसंच, टोकाकडून माझ्याकडे, आणि नेहमी शेवटच्या दिव्याआधी थांबायचं. हत्ती आता त्या बोळात शिरण्याआधी शीळ घालतो. मी विचारलं तर म्हणतो, काही नाही, सवय आहे. मी त्याला हसत नाही. मलाही तिथे जाताना पाठीवर कुणाची तरी नजर असल्यासारखं वाटतं, आणि भीती वाटते त्याहून जास्त वाईट ह्याचं वाटतं की कुणीतरी माझ्यापर्यंत यायला बघतंय आणि येता येत नाहीये.

आईला मी ह्यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. शपथ घेऊन सांगते. दवाखान्यात नेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तिचे केस विंचरत होते, आणि ती भिंतीकडे बघत म्हणाली की आजचा फाटा ऐक. तो रोज चालत येतो, दिवे लागतात, पण शेवटच्या दिव्यापाशी थांबतो. पुढे येऊ देत नाहीत त्याला. माझ्या हातातला कंगवा तसाच राहिला. मी विचारलं, कोण येऊ देत नाही. ती म्हणाली, ते मला काय ठाऊक, नियम तुमचा आहे. एवढं बोलून ती झोपली. मी तिथेच बसून राहिले आणि खोलीच्या दाराकडे पाठ करायचं धाडस मला बराच वेळ झालं नाही.

डॉक्टरबाई चांगल्या आहेत, आडपडदा ठेवत नाहीत. त्या म्हणाल्या की शरीर संपलंय, आता औषध म्हणून नुसतं दुखणं कमी करतोय, पण आजी जीव सोडत नाहीत. कुणाची वाट बघतायत का. मी हो म्हटलं आणि विषय बदलला. आई आता चमचाभर पाण्यावर आहे. कूस बदलली तरी कण्हते. अंगावर हात ठेवला तर हाडं लागतात. आणि तरी ती डोळे उघडून आधी दाराकडे बघते, मग माझ्याकडे. परवा मी धीर करून म्हटलं, आई, आता तू आराम कर, माझी काळजी करू नकोस. तर म्हणाली, तुझी कशाला करू, तू बसलीयस की समोर. मी निघाले आणि तो घरी आला तर. कुलूप बघून परत जाईल. चुकामूक होईल आमची. ठोंब्या, ती मरणाला भीत नाहीये. ती चुकामुकीला भितेय.

त्यात ही नव्या मालिकेची बातमी नर्सबाईंनी तिला वाचून दाखवली. आईने तिथल्या तिथे आपला फाटा सांगितला, तोच, आचाऱ्याच्या आईचा, तू नापास केलेला. नर्सबाईंनी कौतुकाने विचारलं, आजी, शेवट काय होतो. आई म्हणाली, शेवट माझ्या मुलीला विचारा, तिला माहीत असेल. नर्सबाई हसत माझ्याकडे वळल्या. आईचे डोळे माझ्यावर होते, आणि मला स्पष्ट कळलं की ती शेवट मागतेय. स्वतः सांगायचा तिला अधिकार नाही असं तिला वाटतं, कारण नियम आपल्या दोघांचा. तू नाहीस, म्हणजे उरले मी. मी नियम मोडला तरच ती सुटणार. आणि मोडला तर तू गेलास. ह्या दोन गोष्टींच्या मधोमध मी कालचा सगळा दिवस बसून होते.

आज सकाळी कामावर आले ती सरळ भिंतीकडच्या बोळात गेले. हत्तीला म्हटलं, तू दाराशी पडद्याच्या रबरी पट्ट्या बाजूला धरून उभा राहा आणि काहीही झालं तरी शीळ घालू नकोस. तो म्हणाला, ताई, नको ना. मग मुकाट्याने उभा राहिला. मी शेवटच्या दिव्याखाली थांबले, तो माझ्यावर लागला. फार वेळ काही झालं नाही. मग टोकाला दिवा लागला. मग अलीकडचा. एकेक करून माझ्यापर्यंत आले आणि माझ्या शेजारच्या दिव्याशी थांबले. दोन दिवे, त्यांच्यामध्ये चार पावलांचा काळोख. माझ्या तोंडातून वाफ येत होती. समोर वाफ नव्हती. मी नीट बघितलं, डोळ्यांत पाणी गोठेपर्यंत बघितलं. तिथे मटारची पोती होती, जमिनीवर पांढरं हिम होतं, आणि त्या हिमावर पाऊल उमटलेलं नव्हतं. तू नव्हतास. आपल्या नियमात हे आपल्याला कधी सुचलंच नाही रे, की नसलेला माणूसही दाखवता येतो. मला आज तुझं नसणं दाखवलं गेलं. मी मोठ्याने म्हटलं, ठोंब्या, तू गेलास. माझा आवाज फाटला होता, पण हत्तीने दाराशी ऐकला म्हणजे नक्की निघाला असणार.

दिवा तसाच राहिला. मग तो विझला, मग त्याच्या मागचा, मग त्याच्याही मागचा. आजवर ते सगळे एकदम विझायचे. आज एकेक करून विझत गेले, कुणीतरी पाठमोरं चालत गेल्यासारखे, टोकाच्या भिंतीपर्यंत. मी कितीतरी वेळ उभी होते. हत्तीने येऊन मला दंडाला धरून बाहेर आणलं आणि चहा पाजला. त्याचं लग्न ठरलं की मी त्याला घरी जेवायला बोलावणार आहे.

आता पत्राचं कारण. इतकी वर्षं मी तुला जिवंत ठेवलं, आईपेक्षा मीच जास्त ठेवलं, आणि आज पहिल्यांदा मला तू मेलेला हवा आहेस. तुझ्याशी खोटं कशाला बोलू. दुपारी मी आईकडे जाणार आहे आणि तिला तिच्या फाट्याचा शेवट सांगणार आहे, की मी बघून आले, तो पुढे गेलाय आणि तिच्यासाठी थांबलाय. ती माझ्या शब्दावर निघेल. म्हणून तू तिथे असायलाच हवंस, नाहीतर मी तिला काळोखात एकटं पाठवलं असं होईल. हे पत्र शेवटच्या दिव्याखाली ठेवून मी निघतेय. वाचलंस की सरळ तिच्याकडे जा. दवाखान्यातले दिवे दिवसभर लागलेलेच असतात, त्यामुळे तू आलास की नाही ते मला कळणार नाही, आणि ते चालेल मला. तुझ्या चपला तिने घरून मागवून पलंगाखाली ठेवल्यात, तू अनवाणी गेलास ह्याचं तिला आजवर लागून राहिलंय. आधी त्या पायात घाल, मगच तिला उठव. पुढे राहून दिवे लावत चाल, तिला कमी दिसतं. आणि सावकाश जा, तिचे गुडघे दुखतात.

तुझीच,
मागे राहिलेली ताई